नीळ
पांढऱ्या सदऱ्याच्या काखेतला पिवळा डाग घाम, त्वचेवरचे तेल आणि घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार यांतून बनतो. क्लोरीनच्या ब्लीचने तो बहुधा अधिकच पिवळा पडतो. खाण्याचा सोडा व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा लेप अर्धा तास ठेवल्यास फिकट होतो. नीळ मात्र डाग काढत नाही. पिवळ्यावर निळी छटा चढवून शुभ्रतेचा केवळ भास निर्माण करते.

वडील गेल्यावर त्यांचे शाळेत घालायचे सदरे आम्हां भावंडांनी धुतले, तेव्हा कॉलरी उजळल्या, काखा उजळल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना उंचावलेल्या हाताचे श्रम तिथे मुरले होते. शेवटच्या पाण्यात नीळ घालावी काय, असा प्रश्न निघाला. आम्ही ती घातली नाही.