कप्पीचा वांटा

कप्पी ही वस्तु इतकी निरुपद्रवी दिसते कीं, तिच्यापायीं एखाद्या मुलीचें शिक्षण अडेल हें कोणास सांगूनहि खरें वाटणार नाहीं. परंतु धानोऱ्यास आमच्या घरीं तसें होऊं घातलें होतें. बारावींतली माझी पुतणी शास्त्रशाखा सोडावयास निघाली होती. गणित असें: ३० अंशांच्या गुळगुळीत उतरणीवर ४ किलोचा ठोकळा, त्याची दोरी माथ्यावरील २ किलोच्या भरीव कप्पीवरून पलीकडे गेलेली व तिच्या टोकाला ३ किलोचें वजन लोंबतें आहे. ठोकळ्याचें त्वरण काढा.

"काका, दोरी एकच, मग ताण दोन कसे?" ही तिची अडचण. शिकवणींत उत्तर मिळालें होतें, "सूत्र पाठ कर." असल्या उत्तरांनीं शास्त्राला मुकलेलीं मुलें मोजावयास बसूं नये हें बरें!

मीं तिला विहिरीवर नेलें. आमची कप्पी जुनी, जड, बिडाची. दोरी काढून ती नुसती हातानें फिरवावयास सांगितली. आरंभीं जोर लागला. "घर्षण," ती म्हणाली. मग कप्पी वेगांत असतां एकदम थांबवावयास लावली, पुन्हां जोर! नुसतें घर्षणच असतें तर थांबवितांना त्यानें उलट मदत केली असती. हें कप्पीचें जडत्व. आणि तिला फिरविण्याचें काम दोरीनेंच करावयाचें. दोन्हीं बाजूंचे ताण सारखे असते, तर कप्पीला फिरविणार कोण?

पुढचें गणित तिनें कठड्यापाशीं बसूनच सोडविलें. ओढणारें बल ३ किलोच्या भाराइतकें. ३० अंशांची ज्या अर्धी, म्हणून अडविणारें २ किलोच्या. उरलें एका किलोचें. हलवावयाचें वस्तुमान मात्र ४ आणि ३ मिळून ७ नव्हे, ८. भरीव चकतीचें निम्मेंच वस्तुमान हिशेबांत येतें, कारण आंसाजवळचे कण हळू चालतात. त्वरण गुरुत्वाच्या अष्टमांश, म्हणजे १.२२५ मीटर प्रतिसेकंदवर्ग. ताण लोंबत्या बाजूस २५.७२५ न्यूटन, ठोकळ्याकडे २४.५. मधला १.२२५ न्यूटनांचा फरक तो कप्पीचा वांटा.

गॅलिलिओनें उतरणीवर गोळे सोडून पतनाचे नियम शोधले व १६३८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. परंतु गडगडणारा गोळा स्वतःभोवतीं फिरण्यांतहि कांहीं खर्चीं घालतो, हा हिशेब पुढच्यांनीं मांडला. आमच्या रानांतला सागाचा ओंडकाच घ्या ना: न घसरतां गडगडला तर त्याचें त्वरण घर्षणरहित घसरणीच्या दोन-तृतीयांशच. पुतणीनें लगेच विचारलें, "आणि बांबू?" अगदीं पातळ नळी असती तर निम्मे, बांबूची भिंत जाड, म्हणून उत्तर या दोहोंच्या मधें कोठें तरी. नेमकें कोठें, हें काढण्यासाठीं ती सध्यां परसांतल्या बांबूंची जाडी मोजीत आहे.