अर्धा सामरी

मागच्या पौषात पाथरीहून सोनपेठकडे येताना भाच्याची मोटारसायकल पंक्चर झाली. "आत्या, तू थांब इथंच, पाय दुखतात तुझे," असं म्हणून तो गाडी ढकलत फाट्याकडे गेला. दिवस मावळायला आलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूस बुडेल एवढा ऊस. वारा पार पडला होता, तरी चार-पाच सऱ्या आत, एकाच जागी, पाचट वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं, जरा अलीकडे. रानडुक्कर असणार, हे मला कळत होतं. माझ्या पायांना ते कळलं नाही. ते रस्त्याच्या बरोबर मध्यावर जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर विशाल फुरियाचा 'लपाछपी' पुन्हा लावला. 2017 मध्ये थेटरात आला तेव्हा पाहिला होता. पैशासाठी मागे लागलेल्यांना चुकवत एक जोडपं उसाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन राहतं. बाई आठ महिन्यांची पोटुशी. पूजा सावंत, उषा नाईक आणि ऊस, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. त्यातही बराचसा दिवसाउजेडी. ऊन रखरखतंय, आणि आपल्याला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. उसाला अंधार लागत नाही, तो स्वतःच अंधार असतो.

भीतीच्या सिनेमांत माझी आवड साफ आहे. पडद्यावर पैसा दिसला की मी पाणी प्यायला उठते. दार, पायरी, सावली, पाचट अशा फुकटच्या सामानावर ज्याला माणूस खिळवता येतो, त्याच्यापुढं मी रात्रभर बसेन. 1942 साली व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्यानं हॉलिवूडमध्ये दीड लाख डॉलरच्या आत 'कॅट पीपल' केला. त्यात एक बाई रात्री एकटी चाललीय. मागून येणारी पावलं एकाएकी बंद होतात. आणि कानाशी फिस्स! आपण उडतो. येऊन थांबलेली असते बस. रात्री बाराला गंगाखेडच्या स्टँडवर एकट्यानं उतरलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हा धंदा रामसे बंधूंनी केला. सात भाऊ, कुणी दिग्दर्शक, कुणी कॅमेऱ्यामागे, कुणी आवाज सांभाळणारा. 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' करायला ते सगळं खटलं घेऊन महाबळेश्वरला गेले होते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण लोक आम्हाला हिणवायला वापरतात. मला ती रामशांच्या चौकटीवर लिहावीशी वाटते.

त्यांचा 'पुराना मंदिर' 1984 चा. आमच्या गंगाकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गावात तो पोचायला तीन वर्षं लागली, आणि पोचला तो व्हिडिओवर. गणपतीत वर्गणी काढून परभणीहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणायचे. एका रात्रीत तीन सिनेमे: आधी म्हाताऱ्यांसाठी देवाचा, मग मारामारीचा, आणि लेकरं झोपली की भुताचा. भुताचा लागेपर्यंत एकही लेकरू झोपत नसे. मी सहावीत होते. मारुतीच्या पारासमोर पोती अंथरलेली.

सिनेमात सामरी नावाच्या सैतानाचं डोकं तोडून पेटीत बंद केलेलं, धड भलतीकडे. मरताना त्यानं शाप दिलेला, की राजाच्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पेटीकडे हात गेला आणि लाईट गेली.

कुणी उठलं नाही. घरची वाट पिंपळाखालून होती. "मशीनला हात लावू नका," व्हिडिओवाला दर थोड्या वेळानं ओरडायचा, जणू अंधारात त्याच्या मशीनवर कुणी टपून बसलं होतं. चाळीसेक माणसं, विड्यांची टोकं तेवढी वरखाली होत होती. शेवटी एक पोरगं म्हणालं, "मंग पुढं काय झालं?"

मागून आमच्या आजीचा आवाज आला. आजीला हिंदी येत नव्हतं. तोवरचा सगळा सिनेमाभर ती शेंगा फोडत बसली होती. "काय होणारंय," ती म्हणाली, "डोकं धड हुडकूलालंय."

तिनं सिनेमा हातात घेतला. तिच्या सामरीला राजाशी काही घेणं नव्हतं. डोकं आमच्याच वेशीतून आत आलं, तेल्याच्या घाण्यावरून गडगडत गल्लीत शिरलं. ज्या घरात पोटुशी बाई, त्या दारात थांबायचं आणि पाणी मागायचं. "द्यायचं नसतंय," आजी म्हणाली. घराचं नाव ती घेत नसे, खूण सांगे: निंबाचं झाड, मोडकी पायरी. ऐकणाऱ्या बायका अंधारात एकमेकींकडे सरकल्याचं बांगड्यांवरून कळत होतं. तिसऱ्या घरापाशी आजीचा आवाज उतरला आणि सामरी कुठं गळाला ते कळलंच नाही. आता गोष्टीत तिची जाऊ होती, बैलगाडीत आडवी. गंगेला पूर. दवाखाना पलीकडच्या काठाला, गाडी रात्रभर अलीकडच्या.

"सकाळी पूर वसरला," आजी म्हणाली.

"मंग?"

"मंग काय. शेंगा सरल्या."

लाईट पहाटे आली. सामरी उठला, अनिरुद्ध अगरवाल नावाचा तो उंच, हाडापेराचा माणूस, लाल डोळे. मधेच जगदीप 'शोले'ची नक्कल करून गेला. लोक हसले, जांभया दिल्या, एकेक करून उठले. पुढं सालभर दारात कुणी पाणी मागितलं की मी आईला हाक मारायची.

राही अनिल बर्वेंना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं नारायण धारपांची गोष्ट सांगितली, त्यातून 'तुंबाड'चं बीज पडलं. सिनेमा यायला 2018 उजाडलं. धारपांच्या त्या गोष्टीचं नाव 'आजी'. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले.

'लपाछपी'चा हिंदीत 2021 मध्ये 'छोरी' झाला, दिग्दर्शक तोच. मग 2025 मध्ये 'छोरी 2'. आमच्याकडे याला खोडवा म्हणतात. ऊस तुटला तरी बुडखे जमिनीत राहतात, पाणी दिलं की फुटतात. बेण्याचा खर्च वाचतो, वजन मात्र लागणीएवढं भरत नाही. माझा भाऊ दोन खोडवे घेतो आणि मग नांगर घालतो. रामशांनी किती घेतले, कोण मोजणार!

परवा पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. टोळी येऊन फड तोडून गेली होती, कोप्यांच्या जागी नुसती राख. रस्त्यावरून आरपार दिसत होतं. पलीकडे एक घर आहे, हे त्या दिवशी मला कळायला मार्ग नव्हता. निळं दार, एक म्हैस, दोरीवर वाळत घातलेली दुपटी. दाराशी रांजण, त्यावर पालथा तांब्या.

भाच्याला तहान लागली होती. म्हटलं, चल, पुढं फाट्यावर पिऊ.