माळ्यावरचे दप्तर

रत्नागिरी, माघ वद्य पंचमी

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

घराचे व्यवहार आटोपताना माळ्यावरच्या कागदांचे काय करावयाचे, असे विचारून त्याच ओळीत तू रद्दीवाल्याचे नाव काढलेस, म्हणून हे पत्र लांबले तर कंटाळू नकोस. काल माळ्यावरची ट्रंक खाली उतरवून उघडली. वर तारेत ओवलेली पोस्टकार्डे व मनीऑर्डरच्या पावत्या आहेत; तळाशी खोतीच्या काळातील मोडी कबुलायती, कडांना कसर लागलेल्या, पण अक्षर अद्याप काळेभोर. सहीच्या जागी कुळांनी नांगराची निशाणी केली आहे. 1949 च्या कायद्याने खोती गेली. त्या निशाण्यांमागच्या माणसांना काय म्हणावयाचे होते, ते मात्र आपल्या दप्तरात औषधालाही सापडणार नाही.

सरकारी कागदांस वाली असतो. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यास बांधून ठेवलेले आहेत. परंतु घरचे कागद घरच्यांच्या मर्जीवर जगतात, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून पुढे ती 22 खंडांपर्यंत नेली, ती गावोगाव पायपीट करून, लोकांची दारे ठोठावून, अशाच खाजगी दप्तरांच्या बळावर.

पण याहून मोलाची मला गोडसे भटजींची हकिकत वाटते. वरसईचे विष्णुभट, आपल्याच कोकणातले गरीब भिक्षुक, द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले, 1857 च्या बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून परतले. पुढे उतारवयात त्यांनी ते सारे लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली ‘माझा प्रवास’ छापले, परंतु मजकुरावर आपला हात फिरवून. हस्तलिखित त्यांनी 1922 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, हे त्यांचे थोर उपकार. म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना 1966 साली मूळ संहिता प्रसिद्ध करता आली व भटजींची भाषा वाचकांस भटजींच्याच तोंडून ऐकावयास मिळाली.

हे लांबण लावण्याचे कारण आपल्या शेजारच्या काकू. त्यांचे यजमान लालबागच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे ते कायमचे गावी आले. लिहिता न येणाऱ्या काकूंची पत्रे शाळेचे मास्तर लिहीत, म्हणजे कागदावर अक्षर मास्तरांचे आणि वळणही मास्तरांचेच. ‘पैसे पोचले, म्हैस व्याली, काळजी नसावी’ या तीन वाक्यांपलीकडचे त्यांच्या मनातले काहीच पोस्टात पडले नाही. निम्मी रत्नागिरी मनीऑर्डरींवर जगली, तिच्या बायकांचे दप्तर असे बहुधा नाहीच. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांना बोलते करून ग्रंथ सिद्ध केला. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गिरणगावच्या त्या कामाची दुसरी बाजू इथे, आपल्या ओटीवर बसलेली आहे, आणि तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

तेव्हा बाळ, होळीला येशील तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय घेऊन ये आणि काकूंपाशी चार दिवस बस. प्रश्न थोडे विचार. त्या थांबल्या तर तूही थांब. त्यांची संगमेश्वरी बोली उतरवून घेताना शुद्ध करू नकोस, आणि आवाजाची मूळ प्रत पुसून टाकू नकोस. त्यांची अनुमती मात्र अगोदर घे. काही गोष्टी हयातीत उघड करू नका असे म्हणाल्या, तर ती अट कागदावर नमूद करून पाळ.

दप्तराचे म्हणशील तर टाचण्या काढून टाक, चिकटपट्टी मुळीच लावू नकोस. सुती फडक्यात, पावसाळ्याआधी, कोरड्या जागी बांधून ठेवू. मोडी वाचणारा मिळाला की कबुलायतींची फेरिस्त करून घेऊ, आणि कुळांच्या वंशजांना बोलावून ती त्यांनाही वाचून दाखवू. त्यांचेही कागद आहेत ते.

रद्दीवाल्यास नकार कळव. घरात सर्वांस आशीर्वाद.

तुझी,
आत्या