हयातीचा दाखला

डिसेंबर २०२२मध्ये जोधपूरला लोंगेवाल्याच्या लढाईतले भैरोंसिंग राठोड वारल्याची बातमी वाचली आणि मनात आलं, परत? ‘बॉर्डर’ सिनेमात सुनील शेट्टीच्या रूपात ते केव्हाच गेले होते, थिएटरात मी नाक पुसलं होतं. खरे भैरोंसिंग तेव्हा राजस्थानात जिवंत होते. गस्तीवर असताना रणगाड्यांची चाहूल लागलेले धरमवीरही बचावले होते. पडद्यावर त्यांच्या भूमिकेतल्या अक्षय खन्नाला मात्र मरावं लागलं.

पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मामा आमच्याकडे होते. एकाहत्तरच्या युद्धात ते फौजेत ट्रक चालवायचे. सनी देओल गरजायला लागला तसे म्हणाले, “एवढं बोलाय सुचतंय व्हय रं?” आणि तंबाखू मळत बसले. आम्हा भाच्यांना रागच आला. यांच्या युद्धात होतं काय? थंडी, आणि दिवे न लावता रात्रभर हाकलेला ट्रक. किती मारले विचारलं की म्हणायचे, “एक टायर.”

खरं तर ‘बॉर्डर’मधली लोंगेवाल्याची लढाई मामांच्याच जातकुळीची. ४ डिसेंबरच्या रात्री मेजर चांदपुरींच्या सुमारे १२० जवानांना उजाडेपर्यंत तग धरायचा होता, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात लढता येत नव्हतं. सकाळी ती आली आणि उघड्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. आपले दोन जवान गेले. पडद्याला दोन पुरत नाहीत.

  

सिनेमानं रंग भरावा, मला त्याचं वावडं नाही. सनीचा आवाज ऐकून आजही काटा येतो. पण धडधाकट घरी आलेल्याचं काय करायचं, हे त्या सिनेमाला कळत नाही, आणि त्याच्यामुळे आमच्या गावालाही कळेनासं झालं. पंधरा ऑगस्टला स्पीकरवर ‘बॉर्डर’ची गाणी वाजतात, मामा मागच्या रांगेत उभे असतात.

दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी मात्र त्यांना जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. गेल्या खेपेला बँकेतल्या मशीनवर अंगठा काही केल्या उमटेना. चुना मळून रेषा पार झिजलेल्या. शेवटी मामी पुढे सरसावल्या. “सायेब, सकाळी दोन भाकरी खाल्ल्यात ह्यांनी. लिवा की!”