घाव कुणी घातले?

गेल्या हिवाळ्यात सौदी अरेबियात नोकरीला असलेल्या मुलाने आम्हा उभयतांना तिकडे बोलावून घेतले. "बाबा, तुम्हाला इकडची लेणी दाखवतो," म्हणाला. वाळवंटात कसली आली लेणी! पण अल-उला गावाच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवरील हेग्रा येथे पोहोचलो आणि बघतच राहिलो.

दोन हजार वर्षांपूर्वी हे नबाती लोकांचे नगर होते. धूप आणि मसाले लादलेले उंटांचे तांडे इथून जात. पेट्रा ही त्यांची राजधानी. इ.स. १०६ मध्ये रोमनांनी त्यांचे राज्य घेतले. त्यांची मातीची घरे मातीत मिळाली. उरल्या त्या वालुकाश्मात कोरलेल्या शंभरावर कबरी. २००८ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्यांतली 'कसर अल-फरीद' ही कबर एका सुट्या खडकात एकटीच उभी आहे. सत्तर फुटांहून उंच! वर रेखीव पायऱ्यांची नक्षी, चार अर्धस्तंभ. खाली मात्र छिन्नीचे ओबडधोबड घाव. काम अर्धवट राहिले, म्हणूनच कळते की ते वरून खाली होत आले. आपल्या वेरूळच्या कैलासाचीही हीच रीत.

इथल्या अनेक कबरींवर लेख आहेत. मालकाचे नाव, वर्ष, कबर बळकावणाऱ्यास दंड. काही मालक तर स्त्रिया! आणि काही लेखांत कोरणाऱ्या पाथरवटाचेही नाव आहे.

हे ऐकले आणि आमचे पाय तिथेच थबकले. आमचे वडील जन्मभर दगडखाणीत घण मारीत राहिले. त्यांनी फोडलेल्या दगडांच्या इमारती आजही उभ्या आहेत. कोनशिलांवर नावे पुढाऱ्यांची.

आमची अवस्था पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कार्ल्याच्या लेण्यातही सुताराचे नाव आहे ना?"

खरेच की! चैत्यगृहाचे दार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचे नाव तिथल्या शिलालेखात आहे. म्हणजे कष्टकऱ्याचे नाव दगडावर येणे अशक्य नव्हते. पुढे ते कुणी लिहिले नाही, एवढेच.

घरी परतल्यावर नातवाच्या वहीत त्याच्या पणजोबांचे नाव, गाव आणि काम आम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिले.

वाचकहो, मुलांना लेणी दाखवायला न्याल तेव्हा राजाचे नाव जरूर सांगा. पण घाव कुणी घातले, हेही विचारायला शिकवा.