पोस्टरातली अक्षरं

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडईची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. धान निघालं, हातात चार पैसे आले की होळीपर्यंत गावोगाव प्रयोग सुरू राहतात. त्यांच्या तारखा ठरतात वडशाच्या बुकिंग ऑफिसांत. मी मूलला बसून वेबसाइट बनवतो; राईस मिल, शाळा, ताडोब्याजवळचे होमस्टे ही माझी नेहमीची गिऱ्हाइकं. गेल्या वर्षी वडशाच्या एका नाट्यमंडळाचं काम आलं. दोन्ही गावं गोंदिया-बल्लारशा लाइनवर, त्यामुळे रेल्वेनेच चकरा झाल्या.

व्यवस्थापकांनी बसल्या बसल्याच सांगितलं, "भाऊ, आपल्याले ॲप पाहिजे."

मी त्यांचाच फोन मागून घेतला. स्टोरेज काठोकाठ भरलेलं. सुप्रभाताची फुलं, पुतणीच्या बारशाचे व्हिडिओ, मागच्या सीझनची पोस्टरं. नवं ॲप टाकायचं तर आधी काहीतरी उडवावं लागणार, आणि वर्षातून चारदा लागणाऱ्या ॲपसाठी नातवाचा फोटो कोणी उडवत नाही. दिवाळीच्या जाहिरातींत घडीचे फोन आणि एआयवाले फोन चमकतात. माझ्यासमोर येणारे बहुतेक फोन काच तडकलेले, मोठ्या भावाने वापरून धाकट्याला दिलेले असतात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पण म्हणून या फोनांतली जागा वाढली नाही. म्हटलं, ॲप राहू द्या, वेबसाइट करू.

मजकूर म्हणून त्यांनी पेनड्राइव्हभर पोस्टरं दिली. नाटकाचं नाव, कलाकार, गाव, तारीख, फोन नंबर, सगळं त्या रंगीत चित्रांतच. "हेच टाका ना जी, लोकाईले हेच आवडते." घाई होती, मी टाकली. परतताना वाटेतल्या जंगलात साइट उघडून पाहिली, तर पांढरा पडदा आणि गरगरणारं चाक. हिशोब साधा आहे. ५ एमबीचं पोस्टर म्हणजे ४ कोटी बिट. सेकंदाला १ लाख बिट मिळाले तर ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेसात मिनिटं. तेवढ्यात माणूस फोन खिशात ठेवून चहाला निघून जातो. तेच वेळापत्रक अक्षरांत लिहिलं तर? यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, इंग्रजी अक्षराच्या तिप्पट. तरी साठ-साठ चिन्हांच्या वीस ओळी ४ केबीत मावतात. पोस्टर काढायची गरज नाही. हजार पिक्सेल रुंदीचं, वेबपी स्वरूपात करून खाली ठेवावं. आधी तारखा दिसल्या पाहिजेत.

अक्षरांत लिहायचं ठरवलं आणि खरी कटकट सुरू झाली. पोस्टरवाल्याने दिलेली मूळ फाइल जुन्या फॉन्टमधली होती. त्या फॉन्टांत आपल्याला 'क' दिसतो, पण आत इंग्रजी कळीचा संकेत असतो. फॉन्ट बदलला की नुसता भुसा. कन्व्हर्टरमधून काढल्यावर बरंचसं सुधारतं, पण पहिली वेलांटी आणि रफार तपासल्याशिवाय सोडू नये. जुन्या टायपिंगमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. म्हणून 'मंदिर'चं 'मंिदर' होतं. वीस प्रयोगांच्या यादीत असे सतरा अपघात मी हाताने दुरुस्त केले.

त्याहून चिवट भानगड 'ॲ'ची. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं. त्याआधीची सवय 'अ'वर अर्धचंद्र देण्याची. दोन्ही दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. 'ॲक्शन' शोधणाऱ्याला 'अॅक्शन' सापडत नाही. साठवतानाच दोन्हींचं एक रूप करून घ्यावं लागतं. तसंच अंकांचं. मराठी कीबोर्डवर कोणी फोन नंबर देवनागरी अंकांत लिहिला की बुकिंगचा फॉर्म म्हणतो नंबर चुकीचा. चूक लिहिणाऱ्याची नाही, तो तपासणाऱ्या कोडच्या ओळीची आहे. आणि पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा 'एमआर' अशी जरूर नोंदवावी. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीवाला ल आणि देठाचा श उमटतो. किरकोळ वाटेल. मला नाही वाटत.

गावाच्या नावाचा घोळ वेगळाच. रेल्वे स्टेशन वडसा, तालुका देसाईगंज. लोक दोन्ही नावांनी शोधतात, त्यातले बरेच बोलून शोधतात. दोन्ही नावं पानावर लिहिली. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून पुण्या-मुंबईचे लोकही झाडीपट्टीचं नाटक बघायचं म्हणतात. त्यांच्यासाठी जवळचं स्टेशन आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो ही सूचना टाकली.

सगळ्यात वर, अंगठ्याला सहज लागेल असं एक बटण ठेवलं: दाबलं की थेट ऑफिसला फोन. ऑनलाइन बुकिंगचा फॉर्मही होता. सीझनभरात फॉर्म अकरा आले. फोनचं विचारू नका.

होळीनंतर व्यवस्थापकांनी बोलावलं. वाटलं, उरलेले पैसे देतील. ते म्हणाले, "भाऊ, साइट मस्त आहे, पण रात्री दोन वाजता फोन येऊन रायले, नाटक सुरू झालं का म्हणून. त्या बटणाखाली ऑफिसचा टाइम लिहून द्या ना जी."