हेल्मेटवर कॅमेरा लावताय? पडताना तो आधी सुटला पाहिजे

तुमच्या घरात गिअरची सायकल चालवणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल, तर आज ना उद्या तो हेल्मेटला कॅमेरा लावायचं काढणारच. पहाटे विश्रामबागेतून निघायचं, मिरजेच्या पुढे पंढरपूर रस्त्याने भोशाजवळच्या दंडोबा डोंगरावर चढायचं आणि दगडधोंड्यांतून उतरतानाचं चित्रण करायचं, हा आमच्याकडच्या बऱ्याच पोरांचा रविवार असतो. माझा भाचाही त्यातलाच. विकतचा माउंट घेण्यापेक्षा घरीच बनवू म्हणून तो माझ्याकडे ड्रिल मशीन मागायला आला. मी दिलं नाही. का, ते तुम्हालाही सांगतो.

हौस काही नवी नाही. १९८७ साली अमेरिकेत मार्क शुल्झ या चित्रणकाराने माउंटन बायकिंगच्या व्हिडिओसाठी हेल्मेटला कॅमेरा जोडला होता आणि त्याला लागणारा व्हीसीआर पाठीवरच्या पिशवीत घालून सायकल चालवली होती! आजचा कॅमेरा जेमतेम दीडशे ग्रॅमचा. म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण सायकलचं हेल्मेटच मुळात तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, हे ध्यानात घ्या.

हेल्मेट म्हणजे कडक टोपी, असा आपला समज असतो. खरं काम करतो तो आतला पांढरा, थर्माकोलसारखा थर. डोकं आपटलं की हा थर चेपतो आणि डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटिमीटर जास्त मिळतात. तेवढ्याने मेंदूला बसणारा हिसका पुष्कळ कमी होतो. चेपलेला थर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात सायकलचं हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटून तपासतात, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडल्यासारखं. ती तपासणी कोऱ्या हेल्मेटची असते, तुमच्या नट-बोल्टांसकट नव्हे.

दुसरी गोष्ट, हेल्मेट गुळगुळीत आणि गोल असतं ते घसरावं म्हणून. डब्यातला खरवस आठवा. डबा सरळ खाली ठेवला तर खरवस थोडा हलतो, पण झटकन गोल फिरवला तर कडेने फाटतो. मेंदूचंही काहीसं तसंच. सरळ धक्क्यापेक्षा पिळवटणारा हिसका मेंदूतले तंतू जास्त ताणतो, आणि मेंदूवरून जाणाऱ्या बारीक शिरा त्यात तुटू शकतात. हेल्मेटवर उभा राहिलेला कॅमेरा दगडात किंवा फांदीत अडकला, की तो तरफेसारखं काम करतो आणि डोकं मानेवर फिरवतो.

मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला स्कीइंग करताना पडला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्यामुळे इजा वाढली का, यावर पुष्कळ चर्चा झाली. सिद्ध काही झालं नाही, आणि त्या एका अपघातावरून निष्कर्ष काढू नये असं माझं मत आहे. केरळच्या मोटार वाहन विभागाने मात्र २०२२ मध्ये दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाई करण्याचा इशारा दिला होता.

मला शूमाकरपेक्षा आमच्या ओपीडीतला एक मुलगा जास्त आठवतो. त्याने हेल्मेटला आरपार भोक पाडून बोल्ट बसवला होता. वेग फारसा नव्हता, पण पडल्यावर बोल्टचं टोक आत घुसलं. टाळूला चार टाके आणि नटाचा षटकोनी वळ! सीटी स्कॅन नॉर्मल आला, थोडक्यात निभावलं.

तर भाच्याला मी अट घातली: भोक नाही, बोल्ट नाही, डिंक नाही. पंक्चरच्या सोल्युशनने थर्माकोल विरघळतं, हे शाळेचे प्रकल्प करणाऱ्या पोरांना माहीत असतं. हेल्मेटचा आतला थर त्याच जातीचा. मग आम्ही जुन्या हवाई चपलेचा तळ कापला आणि काचपेपरने घासून हेल्मेटच्या गोलाईला बसवला. हवेच्या खाचांतून वेल्क्रोची पट्टी ओवून तो बांधला. पट्टीची गाठ किंवा बक्कल आत डोक्याच्या बाजूला येऊ दिलं नाही. कॅमेरा त्यावर वेल्क्रोच्या छोट्या तुकड्यावर, शक्य तितका चपटा. तुकडा केवढा ठेवायचा? सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून आडवं ओढत गेलो आणि चार किलोच्या आसपास निघेपर्यंत वेल्क्रो कापत राहिलो. हा आकडा आमचा घरगुती, शास्त्रीय नव्हे. दगडावरच्या हादऱ्यांत टिकावा आणि अडकल्यावर सुटावा, एवढंच पाहिलं. कॅमेरा हरवू नये म्हणून बारीक शिवणदोरा बांधला. तार किंवा नायलॉनची दोरी नको, नाहीतर सुटलेला कॅमेरा तोंडावर येऊन आदळतो.

एवढं करूनही हे सुरक्षित आहे, असं प्रमाणपत्र मी देणार नाही. मला विचाराल तर कॅमेरा हँडलला लावा. चित्रण हलतं, पण डोकं मोकळं राहतं.

कॅमेऱ्याचा एक उपयोग मात्र मला डॉक्टर म्हणून फार वाटतो. पडलेला मुलगा हमखास सांगतो, “काही झालं नाही, लगेच उठलो.” एकदा अशाच एकाचं चित्रण पाहिलं, तर तो जवळजवळ अर्धा मिनिट निपचित पडला होता आणि उठल्यावर मित्राला तोच प्रश्न तीनदा विचारत होता. त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. तेव्हा पडल्यानंतरचं चित्रण पुसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि चित्रण असो-नसो, ही लक्षणं दिसली तर थांबू नका: पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, झटका, हातापायात कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एक बाहुली मोठी दिसणं. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर सुरुवातीचे काही तास माणूस अगदी ठणठणीत वाटू शकतो. म्हणून पहिला दिवस-रात्र त्याला एकटं सोडू नये आणि त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले सायकलवाले काका-आजोबा आता आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी डोकं आपटल्यावर लक्षणांची वाटच पाहू नये, सरळ रुग्णालयात यावं आणि गोळीचं पाकीट सोबत आणावं.